प्लगचा रंग आणि १४.७

मुळशी तालुक्यातल्या घोटावडे फाट्यावर, मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडीचा निकाल प्लग लावायचा. मिस्त्री इंजिन गरम असतानाच प्लग काढायचे, फडक्यात धरून दाराकडच्या उजेडात न्यायचे आणि एक डोळा मिटून टोक न्याहाळायचे. टोक बिस्किटी असलं तर हवा-पेट्रोलचं मिक्स्चर बरोबर. काळीकुट्ट काजळी धरली असली तर पेट्रोल जास्त, गाडी रिच. पांढरंफटक असलं तर पेट्रोल कमी, गाडी लीन. लीन म्हटलं की मिस्त्रींच्या कपाळावर आठी. लीन चालणारं इंजिन तापतं, व्हॉल्व्ह जळतो, कधी पिस्टनला भोक पडायचीही वेळ येते. रिच गाडी फार तर मालकाचा खिसा जाळते.

नुसत्या उभ्या गाडीचा प्लग बघणं त्यांना मान्य नव्हतं. फाट्यावरून पौडच्या दिशेला गाडी काढायची, तिसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबून ठेवायचा आणि जोरात असतानाच क्लच दाबून चावी बंद करायची. गाडी आपल्या गतीनं कडेला येऊन थांबली की तिथेच बॉनेट उघडून प्लग काढायचा. तशीच चालवत परत आणली तर वाटेत रंग बदलतो, मग प्लग खरं सांगत नाही. रस्त्याला तेव्हा वर्दळ इतकी कमी होती की असले उद्योग भर दुपारी चालायचे. आज पिरंगुटपासून पौडपर्यंत गाड्यांची रांग लागलेली असते. चावी बंद करून गाडी कडेला सोडली तर मागचा टेम्पो डिकीत येईल.

गाड्या तरी किती होत्या? घोटावड्यात आणि रिह्याच्या खोऱ्यात चारचाकी म्हणजे जीप, ट्रॅक्टर, एखादी ॲम्बॅसिडर आणि एखादी पद्मिनी. बाकी दूधवाल्यांच्या एम-८० आणि राजदूत, दोन्ही बाजूंना किटल्या लटकवलेल्या. सरकारी नोकरीवाल्याकडे चेतक. डिझेलवाल्या सोडल्या तर या सगळ्यांच्या पोटात कार्बोरेटर. फ्लोटच्या डबीत पेट्रोल साठायचं, हवा अरुंद गळ्यातून वेगानं आत जाताना तिथला दाब उतरायचा आणि जेटच्या भोकातून पेट्रोल ओढून न्यायची. ना वायर, ना सेन्सर. जेटचं भोक किती, यावर सगळा कारभार. म्हणून जेट चोंदलं तर त्यात तार घालणाऱ्याला मिस्त्री शिव्या घालायचे. तारेनं भोक केसभर जरी वाढलं तरी ते जेट कामातून गेलं. तोंडानं फुंकायचं, पेट्रोलमध्ये बुडवायचं, पुन्हा फुंकायचं.

आयडलिंगचं मिक्स्चर लावणं हा खरा बघण्यासारखा प्रकार. स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत बसवायचा, तिथून दीड फेरा बाहेर. आता इंजिन चालू. मग पाव-पाव फेरा आत-बाहेर करत मिस्त्री डोळे मिटून ऐकत बसायचे. इंजिनाचा आवाज वर चढतो, एका जागी गोल होतो, पुढे गेलं की जड होऊन भकभकतो. उलट गेलं की फटफटतो. त्या गोल आवाजाच्या जागेवर थांबायचं, तिथून किंचित बाहेर. मग मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी तळवा धरायचा. झोत एकसारखा लागतोय का, मध्येच एखादा ठोका चुकतोय का, हाताला पेट्रोलचा वास राहतोय का. एवढं झालं की बॉनेट आपटून बंद. डोळे, कान, तळवा, नाक. जीभ तेवढी राहिली होती, आणि पेट्रोल तोंडानं ओढताना तीही कामी यायची.

त्या प्लगवर अक्षरं असायची 'मायको'. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, १९५१ साली सुरू झालेली, बेंगळुरातली, जर्मनीच्या बॉश घराण्यातली. नाशकात सातपूरला तिचा कारखाना झाला आणि शहरात मायको सर्कलही झालं. २००८ मध्ये कंपनीनं नाव बदलून बॉश केलं, पण सर्कलचं जुनं नाव लोकांच्या तोंडून गेलं नाही. सांगायची गंमत अशी की ज्या बॉशचा प्लग आमचे मिस्त्री उजेडात धरून वाचत होते, त्याच बॉशनं १९७६ साली व्होल्व्होच्या गाडीत एक सेन्सर बसवला होता, कॅलिफोर्नियाच्या कडक धूरनियमांसाठी. तो सायलेन्सरच्या नळीत बसून जळलेल्या वायूतला उरलेला ऑक्सिजन मोजायचा आणि गाडीच्या छोट्या कॉम्प्युटरला कळवायचा. म्हणजे प्लगचा रंग जे सांगतो तेच, पण गाडी न थांबवता आणि सेकंदाला अनेक वेळा.

तो सेन्सर आमच्याकडे यायला पाव शतक लागलं. एक कारण म्हणजे पेट्रोलमधलं शिसं. शिसं सेन्सरवर बसलं की सेन्सर मेला, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही मेला. एप्रिल १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आलं. सगळ्या देशातलं पेट्रोल शिसेमुक्त व्हायला फेब्रुवारी २००० उजाडला. तोवर घोटावड्यात आम्ही शिशाचा धूर निवांत ओढत होतो.

हे लिहिताना जुन्या काळाबद्दल उगाच गळा काढायची माझी इच्छा नाही. त्या शेडमध्ये पावसाळ्यात दार लोटून गाडी चालू ठेवली की अर्ध्या तासात डोकं ठणकायचं. ते कार्बन मोनॉक्साइड असतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. 'गॅस लागला' म्हणायचं आणि चहा प्यायला बाहेर जायचं. मिस्त्रींच्या कानाचं कौतुक करताना त्यांच्या फुप्फुसाचा हिशेब बाजूला ठेवता येत नाही.

धूर मोजायची सोय जवळच होती म्हणा. कोथरूडच्या वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय आहे, देशातल्या गाड्यांची तपासणी करणारी मोठी संस्था. फाट्यापासून वीसेक किलोमीटर. तिथे रोलरवर गाडी पळवून धुरातला प्रत्येक वायू मोजतात. आमच्यापर्यंत त्यातलं फक्त पीयूसी पोहोचलं. तेव्हा चारचाकीला आयडलिंगवर ३ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा होती, स्कूटरला साडेचार. मिस्त्रींचा त्यावर ठरलेला तोडगा होता: पीयूसीला जाताना स्क्रू पाव फेरा आत, कागद हातात पडला की पाव फेरा बाहेर. गाडी त्या पाव फेऱ्यात धड चालायची नाही, पण पीयूसीच्या व्हॅनपर्यंत जायची.

मग २००० साल आलं आणि मारुती ८०० सुद्धा एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवाली झाली. कार्बोरेटर गेला, त्याच्याबरोबर स्क्रू गेला. मिस्त्रींनी पहिल्या एमपीएफआय गाडीचं बॉनेट उघडलं तेव्हा बराच वेळ ते नुसते बघत राहिले होते. फिरवण्यासारखं काही दिसेना. मिक्स्चर आता ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर ठरवणार, आणि ईसीएमला सांगणार तो नळीतला ऑक्सिजन सेन्सर. त्या सेन्सरला मात्र दोनच गोष्टी कळतात. मिक्स्चर रिच असलं तर तो साधारण ०.९ व्होल्ट देतो, लीन असलं तर ०.१. मधली उडी ०.४५ च्या आसपास. किती रिच, किती लीन, हे तो सांगू शकत नाही. ईसीएम पेट्रोल थोडं वाढवतो, सेन्सर ओरडतो 'रिच'. थोडं कमी करतो, 'लीन'. या ओढाताणीतून सरासरी बरोबर येते, आणि रस्त्यावरच्या गाडीला तेवढं पुरतं.

पुढची दहा-बारा वर्षं गॅरेजची पडती होती. बाइक आणि जुन्या जीपगाड्यांवर निभावलं. स्कॅनर घ्यायला पैसे नव्हते, आणि स्कॅनरनं कोड वाचला तरी आपण काय करणार, तर सेन्सर बदलणार. मिस्त्री म्हणायचे, "ही दुरुस्ती न्हाई, ही पोस्टमनकी. वरनं आलेलं पाकीट खाली द्यायचं."

शेडमध्ये पुन्हा जीव आला तो मिस्त्रींच्या पुतण्यामुळे. औंधच्या आयटीआयमधून निघाला, पिरंगुटच्या एका कंपनीत काही वर्षं पाळ्या केल्या आणि काकांच्या शेडमध्ये येऊन बसला. त्याला वेड रेसच्या गाड्यांचं. आमच्याच मुळशी तालुक्यातल्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस होऊ लागल्या होत्या. शिवाय फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी गाड्या बांधणारी पुण्यातली इंजिनिअरिंगची पोरं होतीच. ती चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० चं इंजिन घेतात, नियमाप्रमाणे हवेच्या वाटेत २० मिलिमीटरचं अरुंद तोंड बसवतात आणि मग कोइमतूरच्या ट्रॅकवर जायच्या आधी मिक्स्चर जुळवता जुळवता त्यांच्या नाकी नऊ येतात. हवेची वाट बदलली की कंपनीच्या ईसीएमचं गणित कोलमडतं. दुसरा ईसीएम लागतो, ज्याच्या आत आपल्याला हात घालता येतो.

असले ईसीएम आता कुणालाही बांधता येतात. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी २००१ मध्ये 'मेगास्क्वर्ट' नावाचा संच लोकांच्या हाती दिला, सुटे भाग घेऊन घरी सोल्डर करायचा. पुढे आर्डुइनोच्या बोर्डावर चालणारा 'स्पीडुइनो' आला. पुतण्यानं एक जुनी एस्टीम घेतली, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, एके काळी आपल्याकडच्या रॅलींची लाडकी गाडी. तिला तसला ईसीएम बसवला. पण त्यात पेट्रोलचा तक्ता आपण भरायचा असतो: इतक्या आरपीएमला, इतक्या दाबाला, इतकं पेट्रोल. शंभर-दोनशे चौकटी. त्या भरायला 'रिच की लीन' एवढं उत्तर पुरत नाही. किती, हे लागतं. त्यासाठी वाइडबँड सेन्सर.

दिसायला जुन्या सेन्सरसारखाच. आत झिर्कोनियाची पट्टी, तिच्यात एक बारीकशी पोकळी. धूर त्या पोकळीत शिरतो. पट्टीचा एक भाग जुन्या सेन्सरचंच काम करतो, पोकळीतला ऑक्सिजन ओळखतो. दुसरा भाग पंप आहे: विजेच्या जोरावर ऑक्सिजन बाहेर काढतो किंवा आत ढकलतो, आणि पोकळी कायम बरोबर मिक्स्चरवर ठेवतो. त्यासाठी किती करंट लागला आणि कुठल्या दिशेला, यावरून मिक्स्चरचा नेमका आकडा निघतो. हे सगळं चालायला पट्टी सुमारे ७८० अंशांवर तापलेली लागते, म्हणून आत हीटर, आणि तो सांभाळायला वेगळा कंट्रोलर. कंट्रोलर तो आकडा व्होल्टमध्ये बदलून ईसीएमला देतो.

जोडणीच्या दिवशी मी शेडमध्ये होतो. सायलेन्सरच्या नळीत, कन्व्हर्टरच्या अलीकडे, १८ मिलिमीटर आट्यांचा नट वेल्ड करायचा होता. पुतण्यानं जागा खालच्या अंगाला आखली होती, तिथे हात चांगला पोचतो. मिस्त्रींनी खडूनं ती खोडली आणि वरच्या अंगाला तिरकी खूण केली. "सकाळी गाडी चालू केली की नळीतनं पाणी गळतं ते बघितलंय का कधी? ते ह्याच्यावर पडंल की." सूचनापत्रकातही तेच लिहिलेलं निघालं: आडव्यापासून निदान दहा अंश वर. तापलेल्या पट्टीवर थेंब पडला की ती तडकते. मिस्त्रींनी पत्रक वाचलेलं नव्हतं. गंजून गळलेल्या नळ्या मात्र आयुष्यभर बदलल्या होत्या.

नट वेल्ड झाला, सेन्सर बसला, वायरी आत आल्या. कंट्रोलरचं गणित सोपं होतं: ० व्होल्ट म्हणजे एका भाग पेट्रोलला १० भाग हवा, ५ व्होल्ट म्हणजे २०. म्हणजे व्होल्टची दुप्पट करून दहा मिळवायचे, २.३५ व्होल्टला १४.७. एवढं ईसीएमला लॅपटॉपवरून सांगितलं आणि गाडी चालू केली. डॅशबोर्डवरचं मीटर म्हणतंय १३.०, लॅपटॉप म्हणतोय १३.४. पुतण्यानं सेटिंग तपासलं, पुन्हा भरलं, सॉफ्टवेअर बंद करून उघडलं. फरक तिथेच. लाइट लावले की थोडा वाढायचाही. हा फरक क्षुल्लक नाही. ईसीएम त्या आकड्यावर विसंबून तक्ता सुधारणार. त्याला गाडी आहे त्याहून लीन दिसली तर तो पेट्रोल ओतत राहणार.

मिस्त्री शेडच्या तोंडाशी एका बाइकची चेन ताणत होते. तिथूनच म्हणाले, "आर्थिंग कुठनं घेतलीस?"

कंट्रोलरची आर्थिंग डॅशबोर्डखालच्या एका बोल्टवरून घेतली होती, बॉडीवरून. ईसीएमची इंजिनाच्या ब्लॉकवरून. हीटर भरपूर करंट ओढतो. तो करंट बॉडीच्या गंजक्या सांध्यांतून परत जाताना त्या बोल्टचा शून्य हा खरा शून्य राहत नाही, थोडा वर उचलला जातो. पुतण्यानं मल्टिमीटरचं एक टोक त्या बोल्टला आणि दुसरं ब्लॉकला लावलं. ०.२ व्होल्ट. दुप्पट केले की ०.४, बरोबर तेवढाच फरक. कंट्रोलरची काळी वायर सोडवून ब्लॉकवर आणली, ईसीएमच्याच बोल्टखाली, तिथला रंग पॉलिश पेपरनं घासून. दोन्ही आकडे जुळले. मिस्त्रींनी व्होल्ट मोजले नव्हते. हॉर्न मारला की हेडलाइट मिणमिणणाऱ्या पद्मिनी त्यांनी ढिगानं पाहिल्या होत्या, आणि अशा गाडीत पहिल्यांदा काय बघायचं ते पाठ होतं.

सगळे ज्याच्या मागे असतात त्या १४.७ बद्दल एक सांगायला हवं. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, हे खरं. पण इंजिनाला तो आकडा विशेष प्रिय नाही. जोर हवा तर साडेबारा-तेरा लागतं. पेट्रोल वाचवायचं तर पंधराच्या पुढे जावं लागतं. १४.७ ही कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची अट आहे. त्याच अरुंद पट्ट्यात तो तिन्ही विषारी वायू एकदम निकालात काढतो. कानानं मिक्स्चर लावणारा माणूस १४.७ वर कधीच पोचणार नव्हता, कारण गोल आवाज तिथे नसतोच.

पुतण्याला मग खाज सुटली. गावातल्या एका हौशी मालकाची पद्मिनी नेहमी मिस्त्रींकडेच यायची, १०८९ सीसी, मिक्स्चर त्यांच्या कानानं लावलेलं. ही २०२२ च्या हिवाळ्यातली गोष्ट. सेन्सर नुसता सायलेन्सरच्या तोंडाशी धरून भागत नाही, आयडलिंगला बाहेरची हवा मागे शिरते आणि आकडा खोटा येतो. मालकानं नळीत नट वेल्ड करू दिला. मिस्त्री बरोबर आले नाहीत. "तुमचं तुम्ही बघा" म्हणाले, पण शेडमधून हललेही नाहीत. आयडलिंगला आकडा तेराच्या थोडा वर स्थिरावला. कार्बन मोनॉक्साइडच्या भाषेत हे ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तो पाव फेरा कशासाठी लागायचा तेही उमगलं. सपाटीला पन्नासच्या वेगानं चौदा-साडेचौदा. पन्नास वर्षं जुन्या तंत्राच्या कार्बोरेटरकडून याहून जास्त मागणं अन्याय होता. ताम्हिणीच्या वाटेवर, चढाला पाय पूर्ण दाबल्यावर मात्र आकडा अकरावर आला. भरपूर रिच. तिथे जोरही घटतो आणि पेट्रोलही जातं. कानाला ते कळत नाही. चढाला इंजिन ओरडत असतं, त्यात गोल आवाज कुठून ऐकू येणार?

मिस्त्रींना सांगितलं तर ते म्हणाले, "मोठं जेट मीच टाकलंय. व्हॉल्व्ह जळण्यापरीस पेट्रोल जळू द्यावं." म्हणजे ते अज्ञान नव्हतं, हातचं राखून ठेवलेलं होतं. प्लगच्या रंगावरून सीमा किती जवळ आहे ते कळत नाही, म्हणून शहाणा माणूस सीमेपासून लांब राहतो. सेन्सरनं हे अंतर कमी केलं. माझ्या मते त्याचा खरा फायदा हाच.

एस्टीम ट्रेलरवरून ट्रॅकला जाते, ट्रेलरवरून परत येते. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम रस्त्यावरच्या गाडीत असले फेरफार चालू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. कन्व्हर्टर काढून टाकून फाट्यावर फटाके वाजवत फिरणाऱ्या पोरांना मिस्त्री शेडच्या दारातूनच परत पाठवतात. एप्रिल २०२० च्या बीएस-६ नंतर तर दूधवाल्याच्या नव्या बाइकलाही इंजेक्शन आणि ऑक्सिजन सेन्सर आला. कार्बोरेटर शिकायला आता कुणी येत नाही.

पद्मिनीचं प्रकरण मात्र तिथे संपलं नाही. तेव्हा पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल होतं. पुढे वीस झालं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्याला जळायला हवा कमी लागते. वीस टक्क्यांच्या पेट्रोलचा बरोबर आकडा १४.७ नाही, साडेतेराच्या जवळ आहे. ईसीएमवाली गाडी सेन्सरचं ऐकून पेट्रोल वाढवून घेते. कार्बोरेटरला कोण सांगणार? जेटचं भोक तेवढंच, म्हणून गाडी आपोआप लीन होते. मालक आला तो तक्रार घेऊनच: सपाटीला झटके, सकाळी चोक सोडवत नाही. सेन्सर पुन्हा बसवला. आयडलिंगला आकडा चौदाकडे सरकलेला, सपाटीला पंधरा. मिस्त्रींनी आयडलिंगचा स्क्रू अर्धा फेरा सोडला, मीटरकडे पाठ करून. पुतण्यानं मीटर बघून 'बस' म्हणायच्या आधी त्यांचा हात थांबला होता. सपाटीच्या झटक्यांसाठी जेट एक नंबर वाढवावं, असं पुतण्याचं म्हणणं. मिस्त्रींनी आधी चढ बघायला लावला. ताम्हिणीला आकडा साडेअकराच्या वर आला होता, आधीपेक्षा बरा.

"बघ," मिस्त्री म्हणाले, "मी तवाच जागा ठिवली होती."

जेट तेच राहिलं. आता अडलंय ते दुसरीकडे. इथेनॉलनं जुनं रबर फुगतं. पेट्रोलचा पाइप बदलून झाला, पण पद्मिनीच्या मेकॅनिकल पंपाचा डायफ्राम नरम पडलाय आणि नव्या पेट्रोलला टिकेल असा कुठे मिळत नाही. पुतण्या म्हणतो, इलेक्ट्रिक पंप लावू. मिस्त्री म्हणतात, पुण्यातल्या जुन्या बाजारात शोधू. मालक दोन्हीला हो म्हणतो, आणि गाडी शेडमध्ये उभी आहे.